फळबागेत स्ट्रॉबेरी लावण्याआधी सावली मोजा

दोन झाडांमधली मोकळी जमीन दिसली की तिथे काहीतरी लावावंसं वाटतंच. स्ट्रॉबेरी त्या जागेला शोभते, पण जागा चुकली तर हंगामभर नुसती हिरवीगार पानं बघत बसावं लागतं. उन्हाचा ताव उतरून रात्री गार पडू लागल्या की लागवडीचे दिवस येतात. त्याआधी रोपांची धावपळ करू नका. एक दिवस सावली मोजायला द्या.

झाडावर पानं असतानाच, निरभ्र दिवशी हे काम करा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला सावली जिथे संपते तिथे खुंट्या ठोका. तिन्ही वेळी उन्हात राहणारा पट्टा स्ट्रॉबेरीचा. मोठ्या फळांच्या जातींना रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, आठ तास मिळालं तर फार बरं. सावलीत रोप मरत नाही, आणि फसगत होते ती इथेच. पानं तळहाताएवढी होतात, रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे लांब फुटवे, भराभर सुटतात, बाग जोमात आहे असं वाटतं आणि फुलं मात्र मोजकी लागतात. सफरचंद, नासपती अशा पानगळीच्या झाडांखाली थंडीत ऊन जमिनीपर्यंत पोचतं, त्यामुळे तिथे घेराच्या काठापर्यंत जाता येतं. आंबा, चिकू, संत्रा ही झाडं बारा महिने पानांनी भरलेली असतात. तिथे फक्त ओळींमधला मोकळा पट्टा धरा. अर्धवट सावलीच्या कोपऱ्यात लावायचीच असेल तर अल्पाइन स्ट्रॉबेरी लावा. तिचं फळ बारीक असतं, पण सावली ती बऱ्यापैकी सोसते.

आता जमिनीकडे या. झाडाच्या घेराखाली खुरप्याने हलक्या हाताने माती बाजूला सारा. थोड्याच खोलीवर दोऱ्यासारखी बारीक मुळं दिसू लागतील. झाड अन्न घेतं ते मुख्यतः वरच्या तीसेक सेंटिमीटर मातीतून, आणि स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्येच असतात. म्हणजे दोघं एकाच ताटात जेवणार. मोठं झाड हे सहन करतं, लहान झाडाची वाढ खुंटते. म्हणून झाड पहिल्या तीन-चार वर्षांचं असेल तर खोडापासून निदान मीटरभर जागा मोकळी सोडा. नांगर, रोटाव्हेटर झाडाच्या घेरात अजिबात नको. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पाच सेंटिमीटर जाडीने वरून पसरा आणि रोपापुरतेच लहान खड्डे करा.

झाड मोठं असलं तरी खोडाला लागून स्ट्रॉबेरी लावू नका, आणि हे मी आग्रहाने सांगतो. फायटोफ्थोरा कॅक्टोरम ही एकच बुरशी स्ट्रॉबेरीचा गड्डा (मुळांच्या वरचा, पानं फुटतात तो जाड भाग) कुजवते आणि सफरचंदाच्या खोडाचा बुंधाही सडवते. बुंध्याशी दाट पानं असली की तिथली साल ओली राहते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. शिवाय त्या आडोशाला उंदीर साल कुरतडतात, ते वेगळंच. एखादं रोप अचानक मान टाकताना दिसलं तर उपटून त्याचा गड्डा उभा चिरून बघा. निरोगी गड्डा आतून पांढरट असतो. तांबूस-तपकिरी डाग दिसला तर ते रोप बागेबाहेर काढा आणि त्या जागेचं पाणी लगेच कमी करा.

मर रोगाचंही ध्यानात ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा घेतलेल्या जमिनीत व्हर्टिसिलियम बुरशी वर्षानुवर्षं टिकून राहते. ती स्ट्रॉबेरीला धरते, तशीच जर्दाळू, पीच, चेरी या झाडांनाही. अशा झाडांच्या बागेत मर दिसून गेली असेल तर तिथे स्ट्रॉबेरीचा विचारच सोडा.

लागवड करताना गड्डा मातीच्या पातळीत आला पाहिजे. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. दोन रोपांत तीस सेंटिमीटर अंतर ठेवा. जमिनीचा सामू (pH) ५.५ ते ६.५ असावा. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. नत्र जपून द्या, जास्त झालं तर फळ मऊ पडतं. फुलं येण्याआधी रोपांभोवती कोरड्या पेंढ्याचं आच्छादन घाला, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. झाडांची गळलेली पानं रोपांवर साचू देऊ नका, त्यांच्याखाली गड्डा घुसमटतो.

पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या वेगळ्या टाका. स्ट्रॉबेरीला थोडं थोडं, वरचेवर पाणी लागतं. झाडाला खोल आणि अंतराने. एकाच नळीवर दोघांना जगवायला गेलात तर एक तहानलेलं राहील, नाहीतर दुसरं चिखलात.

सगळ्यात मोठी काळजी फवारणीची. झाडावर मारलेलं औषध खाली ठिबकतं, आणि खाली पिकलेलं फळ तोडून तसंच खाल्लं जातं. औषधाच्या लेबलवर स्ट्रॉबेरीचं नाव आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे दोन्ही वाचल्याशिवाय पंप उचलू नका. झाडाची फवारणी स्ट्रॉबेरी पिकायच्या दिवसांतच येत असेल आणि ती टाळता येत नसेल, तर त्या ओळीत स्ट्रॉबेरी नको. दोन्हीपैकी काहीही फुलात असताना कीटकनाशक मारू नका. स्ट्रॉबेरीच्या फुलावर मधमाशी नीट फिरली नाही तर बिया भरत नाहीत, आणि जिथे बी भरत नाही तिथे फळ खुरटून वेडंवाकडं होतं.

झाडाची काढणी कशी करणार हेही आधीच ठरवा. शिडी ठेवायला आणि टोपली घेऊन फिरायला दर ओळीला पायवाट सोडली नाही, तर फळं उतरवताना अर्धी रोपं पायाखाली जातात. झाडाखाली पडलेली फळं रोज वेचा, त्यांच्यावर वाढलेली फळमाशी नंतर स्ट्रॉबेरीवरच येऊन बसते.