पगार अडकला, नोकरी गेली? ठाणे-नवी मुंबईत घरबसल्या मोफत कायदेशीर मदत अशी मिळवा

‘एखादा वकील गाठ, एक नोटीस ठोक, बघ कसे सुतासारखे सरळ येतात!’ नोकरीत काही बिनसलं की टपरीवरच्या पहिल्या चहाबरोबर हा सल्ला फुकट मिळतो. नोटीस मात्र फुकट नसते. कंपनीतला एचआर ती वाचून फायलीत लावतो आणि ज्याचा पगारच अडकलाय, त्याच्या खिशातून आणखी चार पैसे जातात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं टाइम ऑफिसात होते. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक सगळं माझ्या हातून जायचं, तरी शेवटी माझाच पगार अडकला. तो सोडवताना जे शिकले, त्यावर आजवर कळव्याच्या घरातून बऱ्याच जणांचे अर्ज मार्गी लावलेत. बहुतेकांना पहिले काही आठवडे घराबाहेर पडावंही लागलं नाही.

तुम्ही पात्र आहात का

बहुधा आहात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि यांच्यापैकी कुणाच्याही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. ‘फुकट वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर प्रतिज्ञापत्रावरही काम होतं.

‘मी तर एक्झिक्युटिव्ह, मी कामगार कसा?’ ऐरोली-महापेच्या आयटी पार्कातली मुलं हे हमखास विचारतात. व्हिजिटिंग कार्डावरच्या पदाला इथे फारसं वजन नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. टीम लीडर म्हणवून दिवसभर स्वतःच कॉल घेणारा माणूस व्यवस्थापक ठरतोच असं नाही. खरोखरची देखरेख करणाऱ्याला नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० रुपये पगाराची मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त पगार असेल तर तो कामगाराच्या व्याख्येबाहेर. तुम्ही कशात बसता हे स्वतःच ठरवून गप्प बसू नका, फोनवरच्या वकिलाला विचारा.

घटनाक्रमाचा कागद

आता जी पायरी सगळे गाळतात, तिच्याकडे. मीही गाळली होती.

माझा तीन महिन्यांचा पगार थकला होता. हेल्पलाइनवरून वकीलबाईंशी फोन जोडून मिळाला आणि मी सुरू झाले: सुपरवायझर कसा बोलला, कोणाकोणाला आधी पैसे दिले, दिवाळीत काय झालं, मी अकरा वर्षं किती राबले. दहाएक मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘तुमची शेवटची हजेरी कोणत्या तारखेची?’ मला सांगता येईना. दुसऱ्यांची हजेरी अकरा वर्षं लिहिणारी बाई मी! ‘पगार बँकेत यायचा की रोख? सोडायला सांगितलं ते तोंडी की लेखी? किती रक्कम बाकी?’ प्रत्येक उत्तर ‘साधारण’ने सुरू होत होतं. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, कागद घेऊन बसा आणि उद्या पुन्हा फोन करा.’ त्या दिवशी मला रडू आलं होतं. आज मी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते, फक्त इतक्या शांतपणे नाही.

समोरासमोर बसलेला वकील तुमची पिशवी उपसून कागद शोधतो. फोनवरच्या वकिलाकडे फक्त तुमचं बोलणं असतं, म्हणून ते बोलणं आधी कागदावर उतरवा. एकच पान. डावीकडे तारीख, मग काय झालं, मग पुरावा काय. विशेषणं नकोत. असं:

१ जून २०२२: कामावर रुजू, मशीन ऑपरेटर. अपॉइंटमेंट लेटर नाही. बँकेत पहिला पगार जमा झाल्याची नोंद आहे.
७ ऑक्टोबर २०२५: सप्टेंबरचा पगार आला नाही. बँक स्टेटमेंट.
१८ नोव्हेंबर २०२५: सुपरवायझरने ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगितलं. तोंडी, त्याच रात्री मी पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज आहे.
बाकी: सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे १८ दिवस. एकूण रक्कम अमुक.

‘त्यांनी माझा अपमान केला’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी या पानावर नको. लैंगिक छळाची तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बोललेले शब्द हाच पुरावा असतो, ते जसेच्या तसे लिहा.

अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणून बरेच जण इथेच हातपाय गाळतात. कशाला? पगार बँकेत आला असेल तर स्टेटमेंटवर कंपनीचं नाव असतं. पीएफच्या पासबुकात मालकाचं नाव असतं, ईएसआयसीच्या नोंदीत असतं. गेट पास, शिफ्टचा ग्रुप, बसच्या रूटची यादी, सगळं गोळा करा. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका. मूळ मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. नुसते स्क्रीनशॉट पुढे कोर्टात अपुरे पडू शकतात, तिथे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि रागाच्या भरात कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी किंवा हिशेबाच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तक्रार तुमची असते, पण मग चौकशी तुमचीच सुरू होते.

आणखी एक, हे मोठ्या आवाजात वाचा: ‘राजीनामा दे, मग हिशेब करतो’ म्हणाले तर सही करू नका. सही करून बसला असाल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, एचआरला मेल टाका की राजीनामा दबावाखाली लिहून घेतला. महिन्याभराने सुचलेल्या मेलची किंमत फार कमी होते. कोऱ्या व्हाउचरवरच्या सहीबद्दल तर मी बोलतच नाही.

फोन

१५१०० ही नाल्साची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन. १४४५४ हा टेली-लॉ या सरकारी सल्लासेवेचा क्रमांक. इथे पॅनलवरचा वकील फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देतो. फोन हाताळणं जमत नसेल तर जवळच्या सामायिक सेवा केंद्रात जाऊन तिथल्या माणसाकडून टेली-लॉची नोंदणी करून घ्या. बोलताना पान समोर ठेवा, वरून खाली वाचा, शेवटी विचारा: मुदत किती आणि पहिला अर्ज कुठे?

मुदतीबाबत जुने जाणकार चुकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पगाराच्या दाव्याला आधी १२ महिने मिळत, या चारपैकी वेतन संहितेत ३ वर्षं आहेत. याच संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि काढलं असो की राजीनामा दिला असो, थकलेलं वेतन २ कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ ही एचआरची सवय आहे, कायदा नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीला मात्र ३ महिन्यांची मुदत असते, तिथे रेंगाळू नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते.

कुठला जिल्हा, कुठली खिडकी

तुम्ही राहता कुठे यापेक्षा काम कुठे करत होता हे बघा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कळंबोली, पनवेल, तळोजा एमआयडीसी रायगडमध्ये. नवी मुंबई म्हणून सगळं एकच समजून लोक अर्ज टाकतात आणि तो या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत बसतो. ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे, रायगडचं अलिबागला.

वकिलासाठी हे प्राधिकरण, पण मालकाविरुद्धच्या तक्रारीची खिडकी वेगळी. खासगी कारखाना, दुकान, आयटी कंपनी असेल तर राज्याच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय. रेल्वे, बँक, बंदर असेल तर केंद्राचं. वाशीच्या मार्केटातले नोंदणीकृत माथाडी आधी आपल्या बोर्डाकडे जातात. पीएफ कापला पण भरला नाही, तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर.

ठेकेदाराकडे असाल आणि तो फोन उचलत नसेल तर अर्जात ज्या कंपनीत प्रत्यक्ष राबलात तिचंही नाव घाला. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे माहीत नसल्यामुळे माणसं ठेकेदाराच्या बंद ऑफिसासमोर चकरा मारताना मी पाहिलीत.

वकिलासाठी अर्ज

नाल्साच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरा. अर्ज कुठल्या पातळीवर करायचा ते विचारतात. जिल्हा किंवा तालुका निवडा. एकाने ‘मोठं ऑफिस लवकर काम करेल’ म्हणून थेट सर्वोच्च न्यायालय निवडलं होतं! ओळखपत्र आणि घटनाक्रमाचं पान जोडा. अर्ज क्रमांक वहीत लिहा, नुसता फोनमध्ये नको.

वकील मिळाल्यावर

नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून फी मागता येत नाही. ‘झेरॉक्सचे’, ‘साहेबांचे’ असं काही निघालं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा, वकील बदलून मिळतो.

कामगार कार्यालयात समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, बैठक लागली की तिथे वकील चालत नाही, तुमचा नाही आणि कंपनीचाही नाही. म्हणून वकिलाकडून अर्जाचा मसुदा आधीच नीट करून घ्या आणि बैठकीला स्वतः जा. इथे मात्र घराबाहेर पडावंच लागतं. कंपनीचा माणूस बहुतेक वेळा गोड बोलून पुढची तारीख मागतो. द्या, पण ‘किती रक्कम मान्य आहे’ एवढं त्या दिवशीच्या नोंदीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. माझा पगार आला तो तिसऱ्या बैठकीला, दोन धनादेशांत. दुसरा धनादेश जमा होईपर्यंत मी अर्ज मागे घेतला नाही.