आजीसारखा विश्वास धरून ठेवायचा तर

विश्वासात टिकून राहायचं असेल तर आधी आपल्या सगळ्यात वाईट दिवसाचा विचार करा. लाइट गेलेली, नळाला पाणी नाही, घरात कुणी तापानं फणफणलंय आणि शिफ्टवर तर जायचंच आहे. अशा दिवशी जेवढी प्रार्थना जमेल तेवढीच रोजची म्हणून ठरवा. बऱ्या दिवशी वाढवता येते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, उत्साहानं पहाटे चारचा नेम धरायचा आणि ईस्टर उलटला की सगळंच सोडायचं, असं आमच्या मंडळीत कितीदा तरी होतं.

मी हे आजीकडून शिकलो. ती आता प्रभूजवळ आहे. तिचं माहेर बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतलं. दळण करायला बसली की ती आधी मूठभर ज्वारी पत्र्याच्या डब्यात टाकायची. ती मूठ प्रथमफळाची, म्हणजे देवाचा पहिला वाटा; कापणीच्या सणाला तो डबा चर्चमध्ये जायचा. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. घरात ज्वारीचा दाणा नव्हता, रेशनवरचं मिलो नावाचं तांबडं धान्य होतं. तरी डबा निघायचाच. फक्त मुठीच्या जागी चिमूट आली, तीन बोटांत मावतील तेवढे दाणे. वडील सांगतात, धाकट्या काकांनी विचारलं होतं, "माय, एवढ्याशानं देवाचं काय होतंय?" ती म्हणाली, "त्याचं काही अडत न्हाई, लेकरा. माझा हात विसरंल."

तेव्हा कमी करा, पण बंद करू नका. तासाचा नेम दहा मिनिटांवर आणा, दहाचा एका वाक्यावर.

हा नेम घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. मी रोलिंग मिलमध्ये आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते, पहाटेची वेळ धरली तर नाइटच्या आठवड्यात ती हमखास मोडणार. म्हणून मी बूट घालताना प्रार्थना करतो. बूट कुठल्याही शिफ्टला घालावेच लागतात. तुमचं चहाचं आधण असेल, गोठा झाडणं असेल, बसची वाट पाहणं असेल.

वाचनासाठी बायबलातल्या स्तोत्रसंहितेइतकी सोय दुसरीकडे नाही. स्तोत्रं 150 आहेत, रोज पाच वाचली तर महिन्यात पूर्ण होतात. आजच्या तारखेचं स्तोत्र घ्या आणि त्यात तीस-तीस मिळवत जा. 7 तारीख असेल तर 7, 37, 67, 97, 127. या हिशेबानं 29 तारखेला 119 वं येतं. ते 176 ओव्यांचं आहे, एरवीच्या दिवशी झेपत नाही. ते 31 तारखेसाठी राखून ठेवा. पाच जमत नसतील तर तारखेचं एकच वाचा.

आता सगळ्यात अवघड भाग. प्रार्थना करून करून उत्तर येत नाही, तेव्हा काय करायचं? बरेच जण इथेच गळतात, कारण तक्रार करणं म्हणजे अविश्वास असं कुणीतरी त्यांना शिकवलेलं असतं. 13 वं स्तोत्र काढा. सुरुवातच "किती वेळ?" या प्रश्नानं होते, आणि तो एकदा विचारून दावीद थांबत नाही. 88 वं तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा जोडलेला नाही. तरीही ते देवाशीच केलेलं बोलणं आहे. तुम्हीही देवाला तोंडावर विचारा, मोठ्यानं विचारा.

काका वारले तेव्हा आजीनं गाणं सोडलं. चर्चला जाणं सोडलं नाही. 1970 मध्ये वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्याच्याही आधीपासूनची तिची बाक, डावीकडची, भिंतीलगतची. गीत सुरू झालं की ती उभी राहायची आणि ओठ मिटलेले असायचे. आजूबाजूच्या बाया गायच्या. पुढे केव्हातरी तिचा आवाज परत आला, पण त्यासाठी तिला कुणी घाई केली नाही. तुमच्या बाकावर कुणी असं गप्प उभं असेल तर तुम्ही शेजारी उभं राहून गात राहा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मारहाण सोसणं, गोळ्या बंद करणं याला विश्वास म्हणत नाहीत. आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती; प्रार्थना करून बीपीची गोळी घ्यायची, दोन्ही. शेजारची एक लेक नवऱ्याचा मार खाऊन आली, तेव्हा "सोसून घे" म्हणणाऱ्या बाईला तिनं दारातूनच परत लावलं आणि पोरीला घरात ठेवून घेतलं. घरात असं काही चाललं असेल तर पाळकसाहेबांना सांगा, पोलिसांतही जा.

दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना वहीत नाव लिहा, पुढे तारीख टाका. जमलं तर त्या माणसाला फोनही करा, कारण नुसतं "प्रार्थना करतो" म्हणून आपण सगळेच विसरतो.

घरात नुकतं वाचायला लागलेलं लेकरू असेल तर मोठ्यानं वाचायचं काम त्याला द्या. आजीला माझ्याकडून बायबलातलं दानीएलाचं पुस्तक ऐकायला आवडायचं. त्यातल्या नबुखद्नेस्सर राजाच्या नावाला मी दर वेळी अडायचो आणि ती, पुस्तक न वाचता आलेली बाई, ते नाव पाठ असूनही सांगायची नाही. सुपातली ज्वारी निवडत थांबायची, माझं मला जमेपर्यंत.