थर्मलमध्ये गर्दी झाली की या चुका टाळा

चार-पाच ग्लायडर (इंजिनाविना तरंगणारी विमाने) एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, घिरट्या घालताना जमिनीवरून फार देखणे दिसतात. आत बसलेल्याची मान मात्र सारखी फिरत असते, निदान फिरायला हवी. इथल्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: मला तो दिसतोय, म्हणजे त्यालाही मी दिसत असणार.

गडबड आत शिरतानाच सुरू होते. ताशी १६० किलोमीटरने येऊन थर्मल लागताच काठी (नाक वर-खाली करायची दांडी) ओढायची आणि वेग ९० वर आणायचा, ही सवय अनेकांना असते. एवढ्या ओढीत ग्लायडर साधारण ६५ मीटर वर उसळतो, आणि तिथे कोणीतरी आधीच फिरत असू शकतो. वेग बाहेरच कमी करा. मध्यावर रोख धरू नका, वर्तुळाला बाहेरून स्पर्शिकेसारखे येऊन मिळा. दिशा आधी आलेल्याची. तो ३०० मीटर वर असला तरी त्याचीच, मग तुमचा हात डाव्या वळणाला कितीही बसलेला असो.

आता जागा. ४० अंशांचा बँक (वळताना पंखांचा कल) आणि ताशी ९० किलोमीटर वेग धरला तर वर्तुळाचा व्यास जेमतेम १५० मीटर भरतो, फेरी १९-२० सेकंदांत संपते. त्याच उंचीवर दुसरा असेल तर बरोबर समोरच्या बाजूला राहा, म्हणजे दोघे एकमेकांना वर्तुळाच्या आरपार पाहू शकता. त्याच्या शेपटीमागे, जरा खाली राहिलात तर तुम्हाला तो छान दिसतो आणि त्याला तुम्ही अजिबात नाही.

मध्यभागी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, जास्त म्हणून आतून वळण कापणे त्याहून वाईट. डावीकडे बँक केला की उजवा पंख वर जातो, आणि बाहेरच्या अंगाला त्याच उंचीवर असलेला ग्लायडर तुमच्याच पंखाआड आणि कॉकपिटच्या कडेखाली लपतो. व्हेरिओचा (चढ-उताराचा वेग सांगणाऱ्या यंत्राचा) सूर चढतो, शेजारी मात्र नजरेतून जातो.

खालून वेगाने चढणाऱ्याने तर जास्तच जपावे. वरच्याला स्वतःच्या पोटाखालचे काही दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी वर्तुळ थोडे मोठे करा, चढण मंदावली तर मंदावू द्या.

फ्लार्म हे टक्करीचा इशारा देणारे यंत्र २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधून आले. ते आपली जागा आणि पुढचा अंदाजे मार्ग रेडिओवरून इतरांना कळवते, पण समोरच्याकडेही तसे जुळणारे यंत्र हवे. शिवाय कार्बन फायबरची बॉडी अँटेनाच्या आड येऊ शकते. थर्मलमध्ये सगळेच जवळ असल्याने ते वारंवार किणकिणते; वैतागून दुर्लक्ष करणे चूक, पडद्याकडे टक लावून बसणे त्याहून मोठी चूक. त्याने दाखवलेल्या दिशेला डोळे न्या, बस. आणि कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) एकाच जागी थिजलेला, फक्त मोठा होत जाणारा ठिपका दिसला तर तो तुमच्यावरच येतो आहे.

आणि शेजारी दिसेनासाच झाला तर? दोन-तीन फेऱ्या शोधत बसू नका, अचानक काठीही ओढू नका. बाहेरचा भाग नीट पाहून बँक हळूच कमी करा आणि वर्तुळाबाहेर पडा, मध्य ओलांडून पलीकडे नव्हे. बाहेरून सगळे ग्लायडर पुन्हा मोजा. आकडा जुळला तरच परत आत.