पुनर्विकासाचं टेंडर काढताय? मग या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यापासून नवी मुंबईतल्या वाशी-नेरुळपर्यंत सोसायट्यांच्या सभा एकाच तीन प्रश्नांवर रंगतात: वाढीव चटईक्षेत्र किती, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं किती. ते विचारायलाच हवं. पण पाणी, ऊन, वारा, सांडपाणी हे विषय सभासदांना आठवतात ते ताबा मिळाल्यावर, आणि तोवर बिल्डरच्या लेखी काम संपलेलं असतं. ब्रोशरवर 'पर्यावरणपूरक' छापलेलं असलं तरी हाती लागतं ते करारनाम्याच्या परिशिष्टात लिहिलेलंच. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ अंतर्गत 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे तुम्ही प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमताच. पुढच्या गोष्टी त्याच्याकडून टेंडरमध्येच लिहून घ्या.

सगळीकडे एकच शोषखड्डा

एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौ. मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहे. त्यामुळे नकाशात खड्डा असतोच. गंमत अशी, की ठाण्याच्या नकाशातला खड्डा आणि वाशीच्या नकाशातला खड्डा हुबेहूब सारखे निघतात.

घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. खड्डा अखंड पाषाणाला टेकला की पाणी मुरत नाही, तुंबतं आणि पार्किंगमध्ये येतं. तिथे भेगाळ थरापर्यंत पुनर्भरणाची बोअर न्यावी लागते, आणि तिची जागा भूजलाच्या जाणकाराने ठरवायची, गाड्या लावून उरलेल्या कोपऱ्याने नाही. खाडीलगतच्या भरावाच्या सेक्टरांत नेमकं उलट. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी आधीच वर आलेलं, त्यात ते मचूळ. त्यात आणखी पाणी सोडून सोसायटीच्या पदरी काही पडत नाही. तिथे साठवण टाकी हवी. सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव बांधले ते याच कारणाने: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, तेवढा वेळ ते कुठेतरी थांबवावं लागतं. आवारातली टाकी तोच भार थोडा उचलते.

हिशोब सोपा आहे. 1 चौ. मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 500 चौ. मीटरच्या गच्चीवर मोसमात 2000 मिलिमीटर पडला तर 10 लाख लिटर. म्हणून अवाढव्य टाकी बांधायची गरज नाही, जुलैत ती पुन्हापुन्हा भरतेच. तीन-चार दिवसांच्या फ्लशला पुरेल एवढी असली तरी पावसाळाभर टँकरचा खर्च घटतो.

यंत्रणा आहे पण चालत नाही? आधी ड्राय बाल्कनी बघा. वॉशिंग मशीनचं पाणी कुणीतरी पावसाच्या पाइपात सोडलेलं असतं आणि साबणाच्या साक्याने गाळणी तुंबते. मग पहिल्या सरीचं घाण पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. तो बहुधा गंजून अडकलेला असतो. गाळणीतली वाळू-खडी मे महिन्यातच धुऊन घ्यावी.

ऊन आत घेऊन एसीला बोल लावणं

हल्लीचे टॉवर अॅल्युमिनियम शटरिंगवर, म्हणजे ज्याला सगळे मायव्हान म्हणतात त्यावर, उभे राहतात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात. पण बाहेरची भिंतही काँक्रीटची होते, आणि त्याच जाडीच्या एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) तुलनेत काँक्रीट साधारण आठपट उष्णता वाहून नेतं. त्यात छज्जे काढून टाकलेले, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. मग एप्रिलमध्ये रात्री दहालाही भिंत कोमट लागते.

केंद्राच्या इको निवास संहिता 2018 मध्ये, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, ठाण्यासारख्या दमट हवेसाठी भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौ. मीटरला 15 वॅट सांगितली आहे. 'आमच्या इमारतीचा आकडा किती येतो?' हे आर्किटेक्टला लेखी विचारा. पश्चिम-दक्षिणेला छज्जा आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या मागा. माझ्या मते लॉबीतल्या इटालियन मार्बलपेक्षा छज्जा केव्हाही जास्त उपयोगी, पण सभेत टाळ्या मार्बललाच पडतात.

एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्र) आहे, दुसरी पाइपलाइन नाही

माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं सुमारे 45 लिटर फ्लशला जातं. शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशपर्यंत नेणारी वेगळी लाइन बांधतानाच टाकली नाही, तर ते सरळ गटारात जातं, नंतर विजेचं बिल पाहून कमिटी यंत्रच बंद ठेवते. घरं भरल्यावर ही लाइन टाकायची म्हणजे प्रत्येकाचं बाथरूम फोडायचं.

झाडं आणि डेब्रिज

खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक लावू देऊ नका, भोवती निदान मीटरभर माती मोकळी ठेवा. पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) कुंडीवजा मातीत वड-पिंपळ नीट वाढत नाहीत, तेव्हा आवारातली जुनी झाडं कुठे राहणार ते नकाशावर दाखवून घ्या. पाडकामाचा राडारोडा कुठे जाणार याच्या पावत्या मागा. खाडीकाठच्या तिवरांत तो रात्रीचा टाकला जातो, हे इथे कुणाला माहीत नाही?

माणसं नकाशात नसणं

वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या ताई दिवसभर आवारात असतात. त्यांच्यासाठी तळमजल्यावर स्वच्छतागृह आहे का? रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र असेल तर चाकाची खुर्ची एकट्याला वर नेता येत नाही, कागदावर 'रॅम्प' लिहिलेलं असलं तरीही. जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याला नव्या इमारतीत जागा द्यायची की नाही, हे आधीच ठरवा. बांधकामाच्या जागेवर 50 पेक्षा जास्त महिला मजूर असतील तर 1996 च्या कायद्याने पाळणाघर द्यावं लागत असे; मजुरांच्या मुलांची ती सोय आजही मागा. जमीन सोसायटीची, किंवा नवी मुंबईत सिडकोकडून तिने भाडेपट्ट्याने घेतलेली असते, त्यामुळे हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली म्हणून बिल्डरने दिलेली बँक गॅरंटी लगेच पूर्ण सोडू नका. एक पावसाळा उलटेपर्यंत काही भाग अडकवून ठेवण्याचं कलम करारात घाला. टाकी भरते का, पंप चालतो का, बेसमेंटमध्ये पाणी येतं का, हे जुलैतच कळतं.