होक्किएन बोलणारा सॉलेम्नायझर निवडताना या चुका टाळा

सिंगापुरात मराठी मुलगी आणि होक्किएन ही चिनी बोली बोलणाऱ्या घरातला मुलगा यांचे लग्न ठरले की हॉल, जेवण आणि मुहूर्त यांवर महिनोन्‌महिने खल होतो. मात्र कायद्याने लग्न लावणाऱ्या माणसाची, म्हणजे सॉलेम्नायझरची, आठवण अगदी शेवटी होते आणि मग ‘होक्किएन येणारे कोणी ओळखीचे आहे का’ असे निरोप फिरू लागतात. अशा लग्नांत मराठी बाजूचे निवेदन मी करतो, आणि त्याच त्या चुका पाहून आता वैताग आला आहे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘चिनी येते’ याचा अर्थ ‘होक्किएन येते’ असा घेणे. सिंगापूर सरकारने १९७९ मध्ये ‘मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) बोला’ मोहीम सुरू केली आणि त्यानंतर रेडिओ-टीव्हीवरूनही होक्किएनसारख्या चिनी बोलीभाषा मागे पडत गेल्या. त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या पुष्कळांचे होक्किएन कॉफीशॉपमध्ये ऑर्डर देण्यापुरते आणि सैन्यात जाऊन आलेल्यांचे शिव्यांपुरते उरले आहे. सॉलेम्नायझरांच्या यादीत अशा माणसाच्या नावापुढे भाषांच्या रकान्यात ‘होक्किएन’ लिहिलेले असले, तर ते खोटे नसते. पण त्यावर लग्न लागत नाही.

एका लग्नात नवऱ्या मुलाची आजी मलेशियातल्या पेनांगहून आली होती. तिकडच्या होक्किएनमध्ये मलय शब्द भरपूर असतात आणि उच्चारही सिंगापूरपेक्षा वेगळे. सॉलेम्नायझर गृहस्थ हसतमुख होते, स्वागत त्यांनी झोकात केले. परंतु ‘तुम्ही स्वेच्छेने हा विवाह करीत आहात ना’ या प्रश्नापाशी आले आणि त्यांचे होक्किएन संपले. ते सरळ मँडरिनमध्ये शिरले. आजींनी खणखणीत आवाजात लेकीला विचारले, हा काय म्हणतोय. लेक त्यांना समजावून सांगू लागली, ते शेजारच्या माइकने टिपले आणि सॉलेम्नायझर दोनदा थांबले. नाशिकहून आलेल्या आत्या माझ्या कानाशी येऊन विचारू लागल्या, “हाही त्यांच्यातला एखादा विधी असतो का हो?” शेवटी आजी काहीतरी म्हणाल्या आणि अर्धा हॉल हसला. मागाहून कळले, ‘याला आधी माझ्याकडे शिकायला पाठवा’ असे त्या म्हणाल्या होत्या.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे की परीक्षक आजीच. ज्यांच्यासाठी होक्किएन हवी आहे, त्यांनाच सॉलेम्नायझरशी दहा मिनिटे फोनवर बोलू द्यावे. ख्यालीखुशालीत कोणीही उत्तीर्ण होतो, तेव्हा संमतीचा प्रश्न पूर्ण म्हणून दाखवायला सांगावे आणि मुलाचे नावही होक्किएनमध्ये घ्यायला लावावे. ज्या आडनावाला मँडरिनमध्ये ‘चेन’ म्हणतात तेच होक्किएनमध्ये ‘तान’ होते, आणि आजीला नातू ‘तान’ म्हणूनच ठाऊक असतो. तिओच्यू ही दुसरी चिनी बोली येणाऱ्यावर ‘जवळचीच भाषा आहे’ म्हणून भागवू नये.

घाईतल्या मंडळींची आवडती पळवाट म्हणजे मजकूर रोमन लिपीत लिहून सॉलेम्नायझरकडून वाचून घेणे. होक्किएनमध्ये साधारणपणे सात सूर असतात आणि वाक्यात शब्द कोठे येतो त्यावर त्याचा सूर बदलतो. भाषा न येणाऱ्याने ते नुसते वाचले, तर आजींना त्यातले अवाक्षर कळत नाही. त्यापेक्षा घरातल्या एखाद्या मामाने उभे राहून चार वाक्यांत सारांश सांगितलेला परवडतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकाच माणसाकडून सगळे सगळ्या भाषांत वदवून घेण्याचा हट्ट. कायद्याचा भाग मुळात छोटा आहे: दोघांची ओळख पटवणे, ती स्वखुशीने लग्न करत असल्याची खात्री करणे आणि २१ वर्षे पूर्ण केलेले दोन साक्षीदार समोर असणे. हा भाग वधूवरांना पुरती समजणाऱ्या भाषेत, म्हणजे बहुधा इंग्रजीत, एकदाच व्हावा. होक्किएनमध्ये त्याचा सारांश वडीलधाऱ्यांसाठी आणि मराठीतला निवेदकाने सांगावा. प्रत्येक वाक्य चार भाषांत आले, की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात आणि मुहूर्त टळतो. मी कोण, काय, कोणत्या भाषेत हे एका कागदावर लिहून सॉलेम्नायझरला आधी देतो आणि मुहूर्ताची वेळ लाल शाईने अधोरेखित करतो, कारण त्यांना पुष्कळदा लगेच दुसऱ्या लग्नाला जायचे असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. अस्खलित होक्किएन बोलणाऱ्या काकांकडे परवाना नसेल, तर त्यांनी लावलेले लग्न कायद्याने लग्नच नव्हे. सिंगापूरचा परवाना पेनांगच्या हॉलमध्ये चालत नाही, कारण मलेशियाचा कायदा आणि निबंधक निराळे. विवाहाची नोटीस किमान २१ दिवस आधी द्यावी लागते. सॉलेम्नायझरचा होकार त्याआधीच मिळवावा.

आणि पाकीट. सॉलेम्नायझर हे काम स्वयंसेवक म्हणून करतात, त्यामुळे ‘किती घेणार’ असे विचारणे अशोभनीय ठरते. रिवाज लाल पाकिटाचा, म्हणजे आंगपावचा आहे. आपली मंडळी मात्र सवयीने पांढऱ्या लिफाफ्यात एकशे एक घालून मोकळी होतात. तिकडे पांढरा लिफाफा आणि विषम रक्कम ही दुखवट्याची खूण समजली जाते. रक्कम सम असावी, चारचा आकडा टाळावा, आणि पाकीट दोन्ही हातांनी द्यावे.