बूट बदलले, काटा तोच

पदविका करून ब्रॉयलर कंपनीत सुपरवायझर म्हणून नव्याने लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एफसीआर (किती खाद्यात किती वजन वाढतं तो हिशेब), लसींचं वेळापत्रक तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

पहिल्या वर्षी खेड-दापोली पट्ट्यातली चौदा शेड माझ्याकडे होती. दिवसाला चार-पाच उरकायची. बूट बदलायचो, हात धुवायचो, स्वतःवर खूश असायचो. एका शेडात मर थोडी वाढलेली होती. 'उकाडा आहे साहेब,' म्हणून मालकांनी विषय संपवला, मीही संपवला. पक्षी तोलले आणि पुढच्या शेडात गेलो. पाचव्या दिवशी तिथेही माना वाकड्या व्हायला लागल्या. तपासणीत मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, निघाली. बर्ड फ्लू नाही म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा नाही.

कारण माझा वजनकाटा. कोंबडीचे पाय अडकवायचा आकडा, त्याची सुतळी. सुतळीच्या पिळात विष्ठा आणि पिसाचा भुगा अक्षरशः वळलेला होता. बूट बदलले, सुतळी बदलायचं सुचलंच नाही. मीच नेलं याचा पुरावा नाही, पण त्या दोन शेडांत सामायिक मी आणि तो काटा, एवढंच होतं.

बर्ड फ्लूचाही हाच रस्ता. लोक आकाशाकडे बोट दाखवतात, ते खोटं नाही. रानबदकं, खाडीवरचे पक्षी विषाणू आणू शकतात, २०२१च्या जानेवारीत दापोलीतले मेलेले कावळे बाधित निघाले होते. पण एका शेडातून दुसऱ्यात तो बहुतेकदा विष्ठेतून जातो: क्रेट, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गाडीची चाकं, रात्री माल उचलणारी टोळी. आणि आपण. शेडातल्या गड्याच्या परड्यात गावठी कोंबड्या असतील तर त्याही धरा.

दारातल्या औषधाच्या टबावर भरवसा ठेवू नका. चिखल, विष्ठा पडली की औषध तिथेच मरतं. आधी ब्रशने घासा, मग औषध, मग थांबा. नुसता पाय बुडवून आत जाणं म्हणजे देवळाबाहेर पायावर पाणी शिंपडल्यासारखं. काटा, सुतळी, पेन, मोबाईलसुद्धा त्यातच मोजा. शेडागणिक वेगळी सुतळी, दोन-चार रुपयांची गोष्ट. 'एवढं कोण करतं' म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून रूट शिका, स्वच्छता नको.

घाबरून नोकरी सोडायची गरज नाही. मी सोडणार होतो, नाही सोडली.

एक मात्र कडक सांगतो: अचानक मर वाढली, तुरे निळे-जांभळे दिसले, तर पक्षी पुरू नका, स्वस्तात विकू देऊ नका, त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवा. मानमोडी की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ठरत नाही. पक्कं निदान भोपाळच्या प्रयोगशाळेतून येतं. बर्ड फ्लू ठरला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात, दहापर्यंत नजर ठेवतात. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. मालकांना हे शांतपणे सांगा, लपवायचा मोह निम्मा तिथेच जातो. आणि त्या दिवशी पुढच्या शेडात जाऊ नका. साहेब फोनवर ओरडतील. ओरडू द्या, सरळ घरी जाऊन आंघोळ करा.

माझा जुना काटा अजून गोठ्यात खिळ्याला आहे. त्याची सुतळी मात्र मी त्याच रात्री चुलीत घातली.