थकलेल्या बिलासाठी इंग्लिशमध्ये लेटर कसं लिहायचं
पेमेंट अडकलं की आपण आधी खुशाली विचारत बसतो आणि मुद्दा पार तिसऱ्या पॅराग्राफला येतो, तसं करू नका, सब्जेक्टमध्येच इनव्हॉइस नंबर, तारीख, रक्कम टाका. नाव माहीत असेल तर 'डिअर मिसेस कुलकर्णी' आणि शेवटी 'युअर्स सिन्सिअरली', नुसतं 'डिअर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली', ही जोडी ब्रिटिश पद्धतीची. 'काइंडली डू द नीडफुल' नकोच हो, समोरच्याने नेमकं करायचं काय ते त्यातून कळतच नाही! सरळ 'प्लीज पे रुपीज ४८,५०० बाय १५ जुलै' लिहा. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून रजिस्टर असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, हे एका ओळीत लिहा, आणि इनव्हॉइसची कॉपी जोडाच.